कुलूप ओरडेल, पण ऐकेल कोण?

आपण संसारात काय काय कुलूपबंद ठेवतो, ते एकदा मोजून पाहा. दाराला कुलूप असते, कपाटाला असते, कपाटातल्या चोरकप्प्याला वेगळे असते. प्रवासाला निघताना बॅगेला बोटभर कुलूप आपण आठवणीने लावतो. शेजारी दिलेली वाटी परत आली की नाही, हेसुद्धा आपल्या बरोबर ध्यानात असते. आणि घर व दागिने सोडले तर आपल्याकडची सगळ्यांत महागाची वस्तू कुठे असते? ती असते दाराबाहेर, कडुनिंबाखाली, स्टँडवर उभी! लाखाच्या घरात गेलेली ती मोटारसायकल किंवा स्कूटर रात्रभर राखायला असते काय, तर तिचे स्वतःचे करंगळीएवढे हँडल लॉक.

नागपुरात दुचाकी ही चैन राहिलेली नाही, ते घराचे पाय आहेत. १९७२ मध्ये लूना बाजारात आली. आई लूनावर, लेक स्कूटीवर आणि आता नात ॲक्टिव्हावर, अशी तीन पिढ्यांची परंपरा कितीतरी घरांत दिसेल. मे महिन्यात डोक्या-तोंडाला ओढणी गुंडाळून गोकुळपेठेच्या बाजाराला जाणे असो, मुलांना शिकवणीला सोडणे असो की सासूबाईंना मेडिकलमध्ये दाखवायला नेणे असो, गाडीवाचून पान हलत नाही. घरधन्याची नोकरी हिंगण्याला किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात असेल, तर गाडी गेली म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पाळीचाच प्रश्न. शिवाय गाडी हप्त्यावर घेतलेली असली, तर गाडी जाते आणि हप्ता मात्र घरातच राहतो!

म्हणूनच हल्ली बऱ्याच घरांत "तो अलार्मवाला डिस्क लॉक घ्यावा म्हणते" असे बोलणे निघते. मुले आग्रह करतात, दुकानदार भरीस घालतो. वस्तू चांगली आहे, यात शंका नाही. पण ती कोणत्या गाडीला चालते, तिच्याकडून काय काम होते आणि काय होत नाही, हे समजून घेऊनच पैसे मोजावेत. आणि त्याबरोबर विम्याचा कागदही एकदा उघडून पाहावा. तो का, ते पुढे येईलच.

गाडी जाते कशी?

गाडीचोर म्हणजे काही सिनेमातला अट्टल दरोडेखोर नव्हे. त्याला हवी असते घाईगर्दी, आणि आपली "दोन मिनिटांत येते"ची सवय. सीताबर्डी किंवा इतवारीतल्या खरेदीची गर्दी, महालातला बुधवार बाजार, मोठ्या दवाखान्यांची आवारे, रेल्वे स्टेशन, संध्याकाळची फुटाळ्याची चौपाटी, मंगल कार्यालयासमोरची लांबलचक रांग, अशा जागी शेकडो गाड्या एकीला एक लागून उभ्या असतात. त्यातली एक कोणी ढकलत बाहेर काढली, तर तो तिचा मालकच असणार, असे सगळे धरून चालतात. मारबतीच्या मिरवणुकीला, रामनवमीच्या शोभायात्रेला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत तर कोणाचे लक्ष कोणाकडे असणार?

जुन्या गाडीचे कुलूप झिजले की त्यात भलतीच किल्लीसुद्धा फिरते. हँडल लॉक म्हणजे आत सरकणारी एक लहानशी कांडी, ती जोराच्या हिसक्यापुढे टिकत नाही. आणि डिक्की उघडून पिशवी ठेवताना किल्ली तिथेच विसरणाऱ्या गृहिणी काय कमी आहेत?

चोरलेल्या गाडीचे पुढे तीन रस्ते फुटतात. काही गाड्या सुट्या होऊन भागाभागांत विकल्या जातात. काही "कागद मागाहून देतो" असे सांगून दूरच्या गावी स्वस्तात खपवल्या जातात. नागपूर पडले मध्यावर. इथून छिंदवाडा, शिवनी, बालाघाट काही तासांवर. आणि काही गाड्या वापरल्या जातात दुसऱ्या गुन्ह्यांसाठी. सकाळी फिरायला निघालेल्या बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र हिसकावून पळायचे, तर स्वतःच्या नावावरची गाडी कोण वापरील? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीला ३०३ वे कलम आहे आणि अशा हिसकावण्याला ३०४ वे वेगळे कलम दिले आहे. तेव्हा आपली गाडी राखणे म्हणजे एका परीने दुसरीचा गळा राखणेही आहे.

डिस्क लॉक म्हणजे काय?

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाकडे पाहा. चाकाच्या मधोमध जेवणाच्या ताटाहून लहान, चकचकीत, भोकाभोकांची पोलादी चकती दिसते ना, ती डिस्क. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी गुटके येऊन ही चकती पकडतात आणि गाडी थांबते. १९९९ मधली सीबीझेड, २००१ मधली पल्सर या गाड्यांनी डिस्क ब्रेक आपल्याकडच्या रस्त्यांवर नेहमीचा केला. डिस्क लॉक म्हणजे या चकतीच्या भोकात आडवा खिळा घालून बसवायचे मुठीएवढे कुलूप. गाडी ढकलली की चाक फिरते, चाकाबरोबर कुलूप फिरते आणि पुढच्या दांड्याला, म्हणजे फोर्कला, जाऊन अडते. चाक अडले की गाडी ढकलता येत नाही, चालवणे तर दूरच.

पण हे सगळे डिस्क असेल तर! आपल्यापैकी बहुतेकींच्या स्कूटरला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतो. चाकाच्या मध्यभागी बंद डब्यासारखा गोळा दिसला आणि भोकांची चकती कुठेच दिसली नाही, तर तो ड्रम ब्रेक. त्याला डिस्क लॉक बसायला जागाच नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी खाली जाऊन गाडीचे चाक पाहून या. ड्रमवाल्या स्कूटरसाठी दुसरे उपाय आहेत. हँडलची मूठ आणि ब्रेकची कांडी एकत्र जखडणारे लॉक मिळते, त्याने ब्रेक दाबलेलाच राहतो. नाहीतर जाड साखळी आणि अलार्मचे टाळे घ्यावे. हे टाळे घरच्या कडीलाही चालते, गाडीलाही चालते.

त्यात अलार्म कशाला?

साधे डिस्क लॉक नुसते अडवते. अलार्मचे लॉक अडवते आणि ओरडते. त्याच्या पोटात हालचाल ओळखणारा एक बारका भाग आणि घड्याळात असतात तसे बटन सेल असतात. लॉक दाबून बसवले की ते एकदा टिकटिकते आणि काही सेकंदांत जागे होते. मग कोणी गाडी हलवली की आधी इशाऱ्याचे दोन-चार टिकटिक आवाज येतात. हात तरीही थांबला नाही, तर मोठा भोंगा सुरू होतो.

खोक्यावर बहुधा ११० डेसिबल असे छापलेले असते. आपण समोरासमोर बसून बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. तेव्हा ११० म्हणजे कानठळ्या बसवणाराच. भुरट्या चोराची सगळी मदार असते कोणी वळून न पाहण्यावर, आणि भोंगा नेमके तेच बिघडवतो. बाजारात, दवाखान्याच्या आवारात, मंगल कार्यालयाच्या दारात त्याचा उपयोग होतो तो यामुळेच. निदान दहा माना तरी वळतात.

मात्र हे लॉक काही मारुतीची गदा नव्हे. इंग्लंडमध्ये बॅटरीवर चालणारे कटर घेऊन फिरणाऱ्या चोरांनी लोकांना सळो की पळो करून सोडले आहे. तिथे सोल्ड सिक्युअर नावाची संस्था कुलुपे प्रत्यक्ष फोडून पाहते आणि त्यांना दर्जा देते. पुरेसा वेळ आणि पुरेशी हत्यारे मिळाली तर कोणतेही कुलूप तुटते, हे तीही मान्य करते. कुलूप आपल्याला वेळ मिळवून देते. त्या वेळात कोणीतरी येणे, हा पुढचा भाग आपला.

कूलरची परीक्षा

आणि इथेच नागपूरची गोष्ट निराळी. आपल्याकडे एप्रिल लागला की घरोघरी कूलरच्या जाळ्या धुऊन नवी खस भरली जाते आणि जूनच्या पावसापर्यंत तो रात्रंदिवस घुर्र करत राहतो. पारा पंचेचाळीसच्या वर, दारे बंद, खोलीत कूलरचा घोष. अशा वेळी तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला खालच्या गाडीचा भोंगा ऐकू येईल का? मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. त्यात मध्ये भिंत आली, बंद खिडकी आली आणि वर हा कूलर!

म्हणून लॉक आणल्याच्या पहिल्याच रात्री एक परीक्षा घ्यावी. झोपायच्या वेळी कूलर नेहमीसारखा चालू करावा, दारे लावावीत आणि मुलाला खाली पाठवून गाडी हलवायला सांगावी. ऐकू आले तर उत्तम. नाही आले, तर आपले कान खालच्या मजल्यावर शोधावेत. चौकीदाराला, तळमजल्यावरच्या काकूंना लॉकचा आवाज एकदा ऐकवून ठेवावा आणि आपला फोन नंबर देऊन ठेवावा. एका अपार्टमेंटमध्ये पाहिले, तिथे खालच्या आजींनी हे काम आपणहून पत्करले आहे. जरा खुट्ट झाले की त्या खिडकीतून हाक मारतात, "अवं वहिनी, तुमची गाडी बोंबलून राहिली न खाली!" या आजींची बरोबरी कोणते यंत्र करील?

शेजाऱ्यांचा मान राखायचा तर उगाच ओरडणारे लॉकही चालणार नाही. जड ट्रक जवळून गेला, मांजर सीटवर चढली, वरातीचा ढोल वाजला, दिवाळीत बॉम्ब फुटला की काही लॉक लगेच किंचाळू लागतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. कायदा राहू द्या, पण रोज रात्री दोनदा खोटा भोंगा वाजला की खरा वाजेल तेव्हा कोणी कूससुद्धा बदलणार नाही. लांडगा आला रे आला, तीच गत! म्हणून गाडी साइड स्टँडवर डुगडुगती न ठेवता मधल्या स्टँडवर घट्ट उभी करावी. खोटे भोंगे कमी होतील.

दुकानात काय पाहावे?

दुकानात गाडी घेऊनच जावे आणि लॉक समोर लावून पाहावे. खिळ्याची जाडी वेगवेगळी असते. साडेपाच-सहा मिलिमीटरचा असतो, सातचा असतो, दहाचा असतो. चकतीच्या भोकांत जाईल त्यातला जाडात जाड घ्यावा. लॉक बसल्यावर ते ब्रेकच्या गुटक्यांच्या डब्याला किंवा चाकाच्या आऱ्यांना घासत नाही ना, तेही पाहावे.

भोंगा दुकानातच वाजवून घ्यावा. सेल कोणते लागतात, ते विचारावे. एलआर ४४ नावाचे बटन सेल बऱ्याच लॉकना लागतात आणि ते घड्याळाच्या दुकानात सहज मिळतात. सेल बदलायचे झाकण किल्लीशिवाय उघडत नाही, याची खात्री करून घ्यावी. नाहीतर चोर आधी सेल काढील आणि मग कुलपाला हात घालील. सेल संपल्यावर नुसते कुलूप म्हणून लॉक चालते की नाही, तेही विचारावे. आणि किल्ल्या किमान दोन असाव्यात.

आपल्या उन्हात भर दुपारी गाडी उभी राहिली की पोलाद पोळते आणि सेल लवकर उतरतात. शक्य तिथे गाडी सावलीत लावावी. पावसाळ्यात किल्लीचे भोक खाली येईल असे लॉक बसवावे. कुलूप जड फिरू लागले तर ते गाडीवरून काढून, घरात कागदावर ठेवून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि नीट पुसून घ्यावे. लॉक डिस्कवर असताना तेल मुळीच घालू नये. डिस्कला तेल लागले की ब्रेक लागत नाही, आणि ते चोरीपेक्षा भयंकर! आणखी एक: गाडी लांबून आली असेल तर चकती तव्यासारखी तापलेली असते. लहान मुलाला "जा रे, लॉक लावून ये" असे लगेच पाठवू नये.

लॉक विसरून गाडी काढली तर?

डिस्क लॉकचा सगळ्यांत मोठा धोका चोराला नाही, तो असतो घरच्यांना. सकाळची घाई, मुलाची शाळा, लॉक काढायचे राहते आणि किक मारून गाडी पुढे! चाक वावभरही जात नाही तोच अडते. गाडी आडवी होते, हातपाय फुटतात, ब्रेकचा डबा किंवा मडगार्ड मोडते. अलार्मच्या लॉकचा इथे एक फायदा आहे. गाडी स्टँडवरून काढताच ते टिकटिकून आठवण करून देते. पण सेल उतरलेले असले तर ती आठवणही नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे आठवणीची दोरी. टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखी गुंडाळलेली, नारिंगी किंवा पिवळी दोरी लॉकबरोबर मिळते. तिचे एक टोक लॉकला आणि दुसरे हँडलच्या मुठीला अडकवायचे. मुठीवर हात ठेवताच दोरी हाताला लागते. दुकानदाराने दिली नाही तर मागून घ्यावी. तीही नसेल तर पोलक्याच्या कापडाची लाल चिंधी मुठीला बांधावी, ती तेवढेच काम करते.

आणि लॉक पुढच्या चाकाला, फोर्कच्या अगदी जवळच्या भोकात लावावे. म्हणजे चाक जरासे हलले की अडते. चोराला गाडी ढकलायला जागा मिळत नाही आणि आपण विसरलो तरी गाडी वेग घेत नाही.

घरात गाडी दोघे-तिघे वापरत असतील तर नियम एकच ठेवावा. जो शेवटी गाडी लावील, तोच लॉक लावील आणि किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवील. रात्री दूध विरजताना, गॅस बंद करताना "अहो, लॉक लावलं का?" एवढे विचारायची सवय ठेवावी. "लावलं गं" एवढ्यावर विश्वास न ठेवता खुंटीकडे एक नजर टाकावी!

उचलून नेली तर?

डिस्क लॉक गाडीचे चाक जखडते, गाडी जमिनीला बांधत नाही. दोघा-तिघांनी उचलून टेम्पोत टाकली तर लॉक ओरडत ओरडत टेम्पोतून जाईल. म्हणून रात्रीसाठी दुसरा बंदोबस्त हवा. अंगणात किंवा पार्किंगमध्ये सिमेंटात घट्ट बसवलेली लोखंडी कडी असावी आणि तिच्यातून गाडीच्या सांगाड्याला साखळी घालावी. साखळी नुसती चाकातून घालू नये. चाक खोलून ठेवून बाकीची गाडी नेता येते. शिवाय साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये, जमिनीचा आधार मिळाला की ती तोडणे सोपे जाते. कडी नसेल तर घरातल्या दोन गाड्या एकमेकींना बांधाव्यात. बाहेर गेल्यावर पावती देणाऱ्या पार्किंगचे पाच-दहा रुपये वाचवू नयेत. आणि गाडी भिंतीच्या आडोशाला लावण्यापेक्षा उजेडात, कॅमेऱ्यासमोर, पानठेल्याजवळ लावावी.

"पाच वर्षांचा विमा आहे ना!"

आता तो विम्याचा कागद. गाडी गेल्यावर घरात पहिले वाक्य निघते, "जाऊ द्या, विमा आहे." आणि अनेक घरांत तिथेच दुसरा धक्का बसतो.

त्याचे कारण असे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागतो. पण ही सक्ती आहे ती थर्ड पार्टीची. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, तर त्याला भरपाई मिळावी यासाठीचा तो विमा. आपली गाडी मोडली, जळली किंवा चोरीला गेली, तर पैसे मिळतात ते ओन डॅमेज या दुसऱ्या भागातून. आणि हा भाग नव्या गाडीबरोबर बहुधा एकाच वर्षाचा असतो! कागदावर मोठ्या अक्षरांत पाच वर्षे दिसतात, आपण निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षी ओन डॅमेजचे नूतनीकरण करायचे कोणाच्या ध्यानात येत नाही. गाडी तिसऱ्या वर्षी चोरीला गेली, तर हाती काही येत नाही.

तेव्हा आज कागद काढा आणि दोन तारखा शोधा. थर्ड पार्टीची मुदत कधी संपते आणि ओन डॅमेजची कधी? दुसरी तारीख उलटून गेली असेल, तर नुसता ओन डॅमेजचा विमा वेगळाही काढता येतो. सप्टेंबर २०१९ पासून ही सोय झाली आहे. विमा कंपनी आधी गाडीची पाहणी मागू शकते, तेवढी तयारी ठेवावी.

मिळणारी रक्कमही समजून घ्यावी. गाडीची किंमत वर्षागणिक उतरवून धरतात. दोन वर्षे पूर्ण झालेल्या आणि तिसरे चालू असलेल्या गाडीची किंमत ३० टक्के उतरते. समजा गाडीची कंपनीची किंमत ८०,००० रुपये, तर हिशेब ५६,००० च्या आसपास होतो. कर्ज बाकी असेल तर त्यातून आधी बँकेचे फिटते.

आणि दाव्याच्या वेळी कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. दुसरी किल्ली कुठे आहे, सांगता येईल? ती कपाटात, विम्याच्या कागदांबरोबर ठेवा. मूळ आर.सी. बुक डिक्कीत कधीच ठेवू नका. चोराला गाडी आणि कागद दोन्ही आयते मिळतात. २०१८ पासून मोबाइलमधल्या डिजिलॉकरचे कागद वाहतूक पोलिसांना दाखवले तरी चालतात.

आणि गेलीच तर?

आधी दोन मिनिटे शांत उभे राहा. वाहतूक पोलिसांनी गाडी उचलून नेली असेल का, हे विचारून घ्या. तसे नसेल तर ११२ वर फोन करा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात एफ.आय.आर. नोंदवा. नुसत्या साध्या अर्जावर शिक्का घेऊन परत येऊ नका, विम्याला एफ.आय.आर. लागतो. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असे उत्तर मिळाले तरी हरकत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याप्रमाणे कोणत्याही ठाण्यात झीरो एफ.आय.आर. नोंदवता येतो आणि त्याची प्रत विनामूल्य मिळते. फोनवरून किंवा संगणकावरून तक्रार पाठवली, तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

त्याच दिवशी विमा कंपनीला आणि कर्ज असेल तर बँकेलाही कळवा, आणि आर.टी.ओ.ला लेखी द्या. पोलिसांत तक्रार वेळेवर असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने खरा दावा नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. पण तो आधार अडल्यावेळचा. पुढे तपासात गाडी सापडली नाही, तर पोलिसांचा तसा अंतिम अहवाल येतो. महाराष्ट्रात त्याला "अ" समरी म्हणतात. तो कागद मिळाला की दाव्याचे गाडे पुढे सरकते. यात काही महिने जाऊ शकतात. सगळे कागद एका पिशवीत नीट लावून ठेवावेत.

गाडी सापडली, तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होते. न्यायालयात अर्ज केल्यावर ती सुपूर्दनाम्यावर मिळते. जप्त वाहने ठाण्यात सडत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे. तेव्हा अर्ज लवकर करावा.

स्वस्तात मिळते म्हणून

शेवटी एक गोष्ट आपल्या हातातली. चोरीच्या गाड्या विकल्या जातात, कारण त्या कोणीतरी विकत घेते. "पंधरा हजारांत देऊन राहिला, कागद पुढच्या महिन्यात" असे भाऊजी आनंदाने सांगत आले, तर त्यांना तिथेच थांबवा. गाडीच्या सांगाड्यावरचा चेसिस नंबर आर.सी.वरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. विकणाऱ्याचे नाव आर.सी.वर आहे का, ते पाहा. नंबरप्लेट नीट तपासा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच येते आणि त्याआधीच्या गाड्यांनाही ती आता महाराष्ट्रात सक्तीची आहे. चोरीची वस्तू ठाऊक असून बाळगणे हाही गुन्हाच आहे. न्याय संहितेचे ३१७ वे कलम त्यासाठी आहे. आणि गाडी कोणाची तरी असते. तिचेही कुठेतरी हप्ते चालू असतात.

मैत्रिणींनो, येत्या रविवारी जेवणे उरकली की अर्धा तास काढा. गाडीचे चाक डिस्कचे की ड्रमचे, ते पाहा. विम्याच्या कागदावरची दुसरी तारीख शोधा. दुसरी किल्ली कुठे आहे, ते विचारा. अलार्मचे लॉक त्यानंतर आणले तरी चालेल. पण आणाल तेव्हा कूलर लावून एकदा परीक्षा घ्यायला विसरू नका!